घोडागाडीमागचा केशरी त्रिकोण

अमेरिकेला गेलेला माणूस बहुधा न्यूयॉर्कच्या उंच इमारती आणि नायगाराचा धबधबा पाहून परततो. आम्ही मात्र भाच्याच्या आग्रहाखातर फिलाडेल्फियाहून पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर असलेल्या लँकेस्टर परगण्यात गेलो. दोन्ही बाजूंना मक्याची हिरवीगार शेतं, पांढरीशुभ्र घरं, दोरीवर वाळणारे कपडे. मन अगदी प्रसन्न झालं होतं.

एवढ्यात चढ संपला आणि भाच्याने करकचून ब्रेक दाबला. समोर करड्या टपाची घोडागाडी शांतपणे चालली होती. मागून गवती हॅट घातलेली दोन मुलं आमच्याकडे टकामका पाहत होती. गाडीच्या पाठीवर लाल कडांचा केशरी त्रिकोण चमकत होता.

‘‘मामा, तो त्रिकोण दिसला म्हणून वाचलो,’’ भाचा म्हणाला. त्याचा हात थरथरत होता.

हिशेब साधा आहे. घोडागाडी तासाला दहा-बारा किलोमीटर वेगाने जाते आणि मोटार ऐंशीने. दीडशे मीटरवर दिसलेली गाडी आठ सेकंदांत अगदी पुढ्यात येते. हे ओळखूनच ओहायो राज्याच्या विद्यापीठात १९६०च्या दशकात संथ वाहनांसाठी हा त्रिकोण तयार झाला.

ही गाडी आमिश लोकांची. १५२५मध्ये झुरिक येथे सुरू झालेल्या अ‍ॅनाबॅप्टिस्ट पंथाची ही एक शाखा. बाप्तिस्मा समजत्या वयात, स्वेच्छेने घ्यावा आणि कुणावर शस्त्र उगारू नये, ही त्यांची शिकवण. मोटार आली की माणसं दूर पांगतात आणि शेजार तुटतो, म्हणून ते स्वतःची मोटार बाळगत नाहीत. गरज पडली तर दुसऱ्याच्या मोटारीत मात्र बसतात. लँकेस्टरच्या आमिशांनी त्रिकोण आणि बॅटरीवरचे दिवे स्वीकारले आहेत.

पण सगळेच आमिश असे नाहीत. स्वार्टझेंट्रुबर नावाचा अतिशय कर्मठ गट हा त्रिकोण लावत नाही. भडक रंग त्यांच्या साधेपणात बसत नाही, शिवाय देवापेक्षा माणसाने केलेल्या चिन्हावर भिस्त ठेवणं त्यांना पटत नाही. हा वाद कोर्टात गेला. १९९०मध्ये मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना त्रिकोणाऐवजी चमकणारी पांढरी पट्टी आणि कंदील वापरण्याची मोकळीक दिली. केंटकीत तर दंड भरायला नकार दिल्यामुळे २०११मध्ये काहीजण तुरुंगात गेले. पुढच्याच वर्षी तिथल्या कायद्याने चमकत्या पट्टीला मान्यता दिली. ओहायोने मात्र २०२२मध्ये घोडागाडीच्या मागे उघडझाप करणारा पिवळा दिवा सक्तीचा केला.

कुणाला हा निव्वळ हट्ट वाटेल. मलाही क्षणभर वाटला. गाडीत मुलं बसलेली असताना कसला आलाय रंगाचा विधिनिषेध? पण आपल्या लेकरांचा जीव त्यांनाही प्यारा आहे, म्हणून तर पट्टी आणि कंदील त्यांनी मान्य केले. श्रद्धा सांभाळूनही जीव वाचवता येतो, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

त्यांची आणखी एक रीत मनाला चटका लावून गेली. अपघातात घरचं माणूस गेलं तरी ते सहसा चालकाविरुद्ध कोर्टात जात नाहीत. त्याला क्षमा करणं हा ते आपला धर्म समजतात. दवाखान्याचा खर्च सगळा समाज मिळून उचलतो.

पण क्षमा मिळाली म्हणून गेलेलं मूल परत येत नाही. संथ जाणाऱ्याने दिसायला हवं, हे खरंच. पण ब्रेकवर पाय असतो तो वेगाने जाणाऱ्याचा.

परतीच्या वाटेवर भाच्याने प्रत्येक चढाआधी वेग कमी केला. मागच्या मोटारीने दोनदा हॉर्न वाजवला. त्याने लक्ष दिलं नाही.