बोमनजींच्या पायऱ्या

नागपूर हे सपाटीवर वसलेले शहर. सीताबर्डीची टेकडी लष्कराच्या ताब्यात, आणि सेमिनरी हिल्सवर वाहनात बसल्या बसल्या जाता येते. पायऱ्यांची चढण म्हणून आम्हां नागपूरकरांना ठाऊक ती रामटेकची. पण अंबाळ्याहून वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या सोडून गडावर मोटारीने जाण्याची सोय आता तेथेही आहे.

आमच्या धर्मग्रामांतील कित्येक कुटुंबे मात्र सप्टेंबरात आणखी एक टेकडी चढून येतात, निदान चढून आलो असे सांगतात. ती वांद्र्याच्या मोत माउलीची. ८ सप्टेंबर हा पवित्र मरियेचा जन्मोत्सव. त्यानंतरच्या रविवारी तेथे जत्रा भरते. रात्रभर गाडीत बसून मंडळी मुंबईस उतरतात, वांद्रे गाठतात, आणि बस किंवा रिक्षा त्यांना टेकडीवर नेऊन सोडते. मेणबत्ती लागते, नवस फेडला जातो, परतीची घाई सुरू होते. टेकडीच्या उत्तर अंगाला एक जिना आहे, याची फार थोड्यांना वार्ता असते.

हा जिना १८७९ साली माणेकजी सोराबजी अ‍ॅशबर्नर या पारशी गृहस्थांनी बांधविला. लोकांच्या तोंडी पोर्तुगीज वळणाचे नाव बसले, ‘देग्रादोस द बोमनजी’, म्हणजे बोमनजींच्या पायऱ्या. रानवर, शेर्ली, राजन, चिंबई, पाली ही तेव्हाची वांद्र्याची गावे. वस्ती कोळ्यांची आणि शेतकऱ्यांची. ज्याला वर जायचे त्याने पायी जायचे. पावसाळ्याच्या अखेरीस, टेकडी अजून ओली असताना, हातात मेणबत्त्या आणि कडेवर मूल घेऊन चढणाऱ्या माउल्यांना दगडी पायरीचा आधार म्हणजे काय, हे आम्ही वेगळे सांगावयास नको.

आम्हांस विचार करावयास लावते ते हे, की बांधणारा आपल्या श्रद्धेचा नव्हता. आणि तो एकटाही नव्हता. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये पूर्वी खाडी होती. होडीवाचून गत्यंतर नव्हते. १८४५ साली तेथे बांधरस्ता झाला तो लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या १,५७,००० रुपयांतून, आणि त्यावर कर बसवू नये अशी त्यांची अट होती. त्यांनी मोत माउलीला नवस केला होता अशी लोककथा आहे. तिची शहानिशा करण्याच्या भरीस आम्ही पडत नाही. रस्ता उभा आहे, एवढे पुरे. आज आपण ज्या मंदिरात गुडघे टेकतो ते १९०४ सालचे, त्याचे शिल्पकार शापूरजी चंदाभाई, तेही पारशी. खाडी ओलांडायची, टेकडी चढायची, मंदिरात शिरायचे. तिन्ही ठिकाणी पारशी शेजाऱ्याचा हात लागलेला आहे. १९५४ साली पोप पायस बारावे यांनी या मंदिरास बॅसिलिकेचा मान दिला, हे आपल्या मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात सांगितले जाते. अ‍ॅशबर्नर हे नाव त्या वर्गात आमच्या कानी कधी आले नाही.

पायऱ्या चढणे हा प्रार्थनेचाच भाग आहे, ही समजूत फार जुनी. स्तोत्रसंहितेतील १२० ते १३४ या पंधरा स्तोत्रांना आरोहणस्तोत्रे म्हणतात. यरुशलेमच्या मंदिरात पंधरा पायऱ्यांवर उभे राहून लेवी गात असत, असे यहुदी परंपरा सांगते. रोममधील पवित्र जिन्याच्या २८ पायऱ्या भाविक आजही गुडघ्यांवर चढतात. चढताना धाप लागते, थांबावे लागते. थांबल्यावर मागून येणाऱ्या अनोळखी माणसाला जागा द्यावी लागते, त्याची विचारपूस होते. रिक्षात ही ओळख होत नाही. शिवाय रिक्षा भाडे घेते. या पायऱ्यांनी कोणाकडून दमडी घेतली नाही की कोणाचा धर्म विचारला नाही.

यंदा आमच्या धर्मग्रामातून जत्रेस जाणाऱ्यांना आम्ही पायथ्याशीच उतरावयास सांगणार आहोत. तरुणांनी वाटेत रोझरी म्हणावी, आणि तिचे एक दशक माणेकजी सोराबजींच्या आत्म्यास अर्पण करावे. गुडघे दुखणाऱ्या आजीबाईंना मात्र रिक्षाच बरी. त्यांनी वर पोहोचून आमची वाट पाहावी.