माझ्या पाच कॅसेटी

परीक्षेत नंबर लावतात, धावण्याच्या शर्यतीत लावतात. मग कॅसेटींनीच काय घोडं मारलंय? सातवीपासून मी वहीच्या शेवटच्या पानावर आवडत्या कॅसेटींची यादी करत आलोय. नियम एकच : एक गाणं आवडलं म्हणून नंबर द्यायचा नाही. दोन्ही बाजू पूर्ण ऐकायच्या, मगच मार्क!

आमचं घर औरंगपुऱ्यात. आमच्या छत्रपती संभाजीनगरला तेव्हा औरंगाबाद म्हणत. घरी दोन कॅसेटींचा टेपरेकॉर्डर होता. एकीकडची कॅसेट वाजवायची आणि दुसरीकडच्या कॅसेटवर ती उतरवून घ्यायची. फीत गुंतली की पेन्सिल घालून गुंडाळायची, हे काम माझं.

आता यादी ऐका, शेवटच्या नंबरापासून.

नंबर पाच : ‘गारवा’. १९९०च्या दशकाच्या शेवटी ती आली, तेव्हा मी नववीत होतो. कविता सौमित्र यांच्या, संगीत आणि आवाज मिलिंद इंगळे यांचा. मध्ये मध्ये कवी स्वतःच कविता म्हणतो, हे मला फार भारी वाटलं. आम्हा मराठवाड्यातल्या लोकांना पावसाची वाट बघायची सवय. ही कॅसेट लावली की बाहेर रणरणतं ऊन असलं तरी घरात पाऊस! मग ती पाचवीच का? थांबा, सांगतो.

नंबर चार : ‘शिवकल्याण राजा’. शिवराज्याभिषेकाला ३०० वर्षं झाली, त्या १९७४ सालची ही निर्मिती. गायिका लता मंगेशकर, संगीतकार हृदयनाथ मंगेशकर. यात समर्थ रामदास आणि कवी भूषण आहेत, तसेच सावरकर आणि कुसुमाग्रजही. महाराजांच्या काळातले कवी आणि आपल्या आजोबांच्या काळातले कवी एकाच कॅसेटमध्ये! भूषणाची भाषा ब्रज. मला निम्मीही कळायची नाही, पण अंगावर काटा यायचा.

नंबर तीन : ‘गीतरामायण’. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडके यांच्या. १९५५च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक नवं गीत लागे. वर्षाची ५२ व्हायची, पण त्या वर्षी अधिक महिना आला आणि गीतं झाली ५६! वर्षभर दर आठवड्याला नवं गीत, नवी चाल. आणि आपली निबंधाची वही? जाऊ द्या.

नंबर दोन : ‘जैत रे जैत’. १९७७च्या या चित्रपटाचं संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं आणि गाणी ना. धों. महानोरांची. महानोर आमच्या जिल्ह्यातले, सोयगाव तालुक्यातल्या पळसखेडचे. स्वतः शेती करणारे कवी. २०२३ साली ते गेले. माझी आजीही अजिंठ्याच्या डोंगराखालच्या एका खेड्यातली. ही कॅसेट लागली, की ती निवडायचं सूप बाजूला ठेवून म्हणायची, ‘‘हे तर आपल्याकडलं गाणं हाय रे!’’ आणि मग तिला तिच्या जात्यावरच्या ओव्या आठवायच्या.

तिथूनच आली नंबर एकची कॅसेट. ती कुठल्याच दुकानात मिळणार नाही. एका दुपारी बाबांनी कोरी कॅसेट घातली आणि आजीला गायला बसवलं. ओव्यांमध्ये भावाची बैलगाडी होती, माहेरची वाट होती, नाथषष्ठीचं पैठण होतं. मध्येच ती खोकली, हसली, तेही त्यात आलं. बाबांनी कॅसेटच्या पाठीमागच्या दोन्ही बारीक खुंट्या मोडून टाकल्या. त्या मोडल्या की रेकॉर्डिंगचं बटण दबत नाही आणि आवाज पुसला जात नाही. पुढच्याच वर्षी आजी गेली.

नववीत मित्राने मला ‘गारवा’ एका दिवसासाठी दिली. घरात कोरी कॅसेट नव्हती. कपाटात एक बिननावाची सापडली. खुंट्या मोडलेल्या होत्या, म्हणजे आत कुणीतरी काहीतरी जपलंय, हे मला कळत होतं. पण मी ऐकून बघायचा कंटाळा केला. भोकावर चिकटपट्टी लावली, की बटण दबतं. मी ती लावली.

पहिली बाजू भरली. दुसरी बाजू लावली, तेवढ्यात बाबा कामावरून आले. त्यांनी कॅसेट ओळखली. मला वाटलं, आता मार बसणार. ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी उरलेली बाजू वाजवली. आठ-दहा मिनिटांच्या ओव्या, मग नुसती खरखर. ती खरखरही ते शेवटपर्यंत ऐकत बसले. मार परवडला असता. दुसऱ्या दिवशी त्यांनी गुलमंडीवरच्या एका दुकानातून त्या बाजूच्या दोन प्रती करून आणल्या. एक माझ्या हातात दिली.

दोन्ही बाजू ऐकण्याचा नियम माझाच, आणि तो मोडलाही मीच. म्हणून ‘गारवा’ पाचवी. बिचारीचा काही दोष नाही. ती लागली की मला पुसलेली बाजू आठवते, एवढंच. बाकीच्या चार कॅसेटी हरवल्या तरी पुन्हा मिळतील. पाचवीची अर्धी बाजूच उरलीय, म्हणून तिचा नंबर पहिला.

आता तुमची पाळी. तुमच्या घरी कॅसेट नसेल, फोन तर आहे ना? येत्या रविवारी आजी-आजोबांना एक गाणं म्हणायला सांगा. मध्ये खोकला आला तर बंद करू नका. ते जपून ठेवा, एक प्रत दुसरीकडेही ठेवा. आणि काहीही पुसण्याआधी एकदा ऐकून बघा.

मग करा तुमची यादी. पहिला नंबर कुणाचा, ते तुम्हीच ठरवा!