माझी गॅसवरची मोटार

घरात काही बिघडले की दोष बहुधा त्या घरात सर्वांच्या मागून आलेल्याच्या माथी जातो. नवी सून आली आणि दूध नासले, की लगेच पायगुणाची चर्चा सुरू होते. मनुष्यस्वभावाची ही खोड मला पूर्वीपासून ठाऊक होती. ती माझ्यातही आहे, हे मात्र गेल्या हिवाळ्यात समजले. समजावून देणारे गुरू नंदनवनातल्या एका लहानशा गॅरेजात भेटले.

माझी मोटार जुनी आहे. पेट्रोलचे भाव चढू लागले तसा माझ्या मुलाने ती गॅसवर करून घेण्याचा आग्रह धरला. कल्पना काही अगदी नवी नव्हे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली तेव्हा पाठीशी कोळशाची भट्टी बांधून, तिच्यातून निघणाऱ्या गॅसवर आपल्याकडे मोटारी धावलेल्या आहेत. आजचा गॅस प्रोपेन आणि ब्युटेन यांचा. दाबाखाली द्रवरूपाने टाकीत राहणारा. २००० साली कायद्याने त्याला मोटारीचे इंधन म्हणून मान्यता दिली. मी रीतसर किट बसवून घेतले, आरटीओत नोंद केली आणि मुलाच्या शहाणपणावर मनातल्या मनात खूशही झालो.

ही खुशी तीन महिने टिकली. एका रविवारी आम्ही रामटेकला निघालो. सुमारे ५० किलोमीटरचा सपाट रस्ता गाडीने बिनतक्रार काढला; परंतु गडाचा चढ लागताच ती आचके देऊ लागली, एकदा मोठ्याने शिंकली आणि अर्ध्या वाटेवर बंद पडली. पेट्रोलवर घेतल्यावर मात्र मुकाट्याने वर चढली. एवढा पुरावा मला पुरेसा होता. पत्नीच्या आणि सुनेच्या देखत मी मुलाला म्हणालो, ‘‘तुझ्या गॅसने चांगल्या गाडीचा सत्यानाश केला.’’ तो काही बोलला नाही. त्या दिवसापासून त्याने गाडीचा विषय काढणे सोडले. आणि हळूहळू, इतर विषयही.

यानंतर मी एका गॅरेजात गेलो. तेथे रिड्यूसर उघडून त्यातला पडदा बदलण्यात आला. दोष गेला नाही. मग स्क्रू फिरवून गॅसचे प्रमाण वाढवले. आचके किंचित कमी झाले, पण गॅस मात्र भराभर संपू लागला. प्रत्येक बिलाबरोबर मुलाविषयीचा माझा राग थोडा वाढत होता, हे कबूल केले पाहिजे.

शेवटी शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून नंदनवनातल्या त्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने एकही स्क्रू हाती घेतला नाही. आधी नुसते प्रश्न विचारले. पेट्रोलवर त्रास होतो का? सपाटीवर होतो की चढावर? थंड असताना की तापल्यावर? मग साबणाचे पाणी लावून गॅसचे सांधे तपासले. कोठेही बुडबुडा आला नाही. रेडिएटरचे पाणी पाहिले; कारण द्रवाचा गॅस होताना फार उष्णता शोषली जाते, आणि इंजिनचे गरम पाणी मिळाले नाही तर रिड्यूसर गारठून जातो. तेही ठीक होते. हवेची जाळी स्वच्छ होती. तेव्हा म्हणाला, ‘‘काकाजी, अंधार पडू द्या.’’

दिवेलागणीनंतर त्याने गॅसचा कॉक बंद केला, इंजिन पेट्रोलवर चालू ठेवले, गॅरेजातला दिवा मालवला आणि प्लगच्या वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला. काळोखात एका वायरीच्या अंगावर निळसर ठिणग्या नाचू लागल्या. प्लगपर्यंत जायची वीज चिरांतून वाटेतच गळत होती.

‘‘पेट्रोल भोळं असते जी,’’ तो म्हणाला, ‘‘कमजोर ठिणगीवरही पेटून घेते. गॅसले कडक ठिणगी लागते, अन् चढावर तर आणखीच. तो तुमच्या वायरीचं खोटं उघडं करून राहिला, अन् तुम्ही त्यालेच शिव्या देऊन राहिले.’’

मी गप्प उभा होतो. किट बसवणाऱ्याने त्या वेळी स्पष्ट सांगितले होते, की वायरी आणि प्लग जुने झाले आहेत, नवे घाला. मुलानेही तेच म्हटले होते. ‘‘पेट्रोलवर इतकी वर्षे चाललेच ना?’’ असे म्हणून काहीशे रुपये वाचवले होते ते मी. म्हणजे दोष गाडीत गॅसच्या आधीपासून होता, आणि तो तेथे ठेवून घेणारा मीच होतो.

नव्या वायरी पडल्या, प्लगांची फट बसवली गेली, गॅसचे प्रमाण पूर्ववत झाले. घरी आल्यावर मी मुलाला जे घडले ते सारे सांगितले, आणि तेही पत्नीच्या आणि सुनेच्या देखत. कारण बोल जेथे लावला तेथेच तो परत घ्यावा, असे मला वाटले. तो थोडा वेळ जुन्या वायरीची चीर निरखीत बसला. मग म्हणाला, ‘‘बाबा, वायरी मीच आणून घालणार होतो. पण तुम्ही रागवाल म्हणून राहून गेले.’’

त्या वाक्याने मला जे झाले ते रामटेकच्या चढावरही झाले नव्हते. गाडीतली चीर अंधारात तरी दिसली. ही दुसरी किती वर्षे उजेडात असूनही मी पाहिली नव्हती. पुढच्या रविवारी पुन्हा गडावर गेलो. किल्ली मी त्याच्या हाती दिली आणि मागच्या आसनावर जाऊन बसलो.