दुसरा डोळा राखीव नव्हे

मूत्रपिंडे दोन असतात, एकावरही माणूस जगतो. डोळ्यांचेही तसेच, असे माझे अनेक वर्षे पक्के मत होते. वर्गात विज्ञान शिकवताना मी ते ठासून सांगत असे. अंतराचा अंदाज एका डोळ्यालाही येतो. जवळचे झाड लांबच्या झाडाला झाकते, लांबचा माणूस लहान दिसतो, धावत्या गाडीतून जवळचे खांब भराभर मागे पळतात आणि डोंगर जागचा हलत नाही. या खुणा वाचायला मेंदू अनुभवाने शिकतो. मग दुसरा डोळा राखीव नाही तर काय?

मन्सूर अली खान पतौडी हा माझा हुकमी दाखला होता. जुलै १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये होव्ह इथे मोटार अपघातात त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. त्यानंतर काही महिन्यांतच, जानेवारी १९६२ मध्ये, त्यांनी मद्रासला इंग्लंडविरुद्ध शतक ठोकले. एकविसाव्या वर्षी ते भारताचे कर्णधार झाले आणि १९६४ मध्ये दिल्लीत त्यांनी नाबाद २०३ धावा केल्या. वेगवान चेंडू एका डोळ्याने खेळता येत असेल, तर माझ्या मते प्रश्नच मिटला होता.

या मताला पहिला तडा गेला तो बेला युलेश यांच्या ठिपक्यांमुळे. त्याआधी चार्ल्स व्हीटस्टोन यांचे १८३८ चे काम मला माहीत होते. आपल्या डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतर असते, त्यामुळे प्रत्येक डोळ्याला किंचित वेगळे चित्र मिळते. व्हीटस्टोन यांनी आरशांच्या साधनातून अशी दोन सपाट चित्रे एकेका डोळ्याला दाखवली आणि पाहणाऱ्याला भरीव आकृती दिसली. मी याचा अर्थ असा लावला होता, की मेंदू आधी दोन्ही चित्रांतली वस्तू ओळखतो आणि मग त्यांची तुलना करतो. म्हणजे अनुभवाच्या हिशेबात आणखी एका खुणेची भर.

युलेश यांनी १९६० मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत संगणकाकडून काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे दोन चौकोन करून घेतले. ठिपके कसेही विखुरलेले. दोन्ही चौकोन सारखेच, फक्त एकात मधला भाग थोडा बाजूला सरकवलेला. एकेका डोळ्याने पाहिले तर नुसता गोंधळ दिसतो. तेच दोन्ही डोळ्यांनी एकत्र पाहिले, की मधला चौकोन पार्श्वभूमीपासून सुटून पुढे तरंगतो. इथे ओळखीची वस्तू नाही, सावली नाही, लहान-मोठेपणा नाही. अनुभवाला वाचायला काहीच नाही, तरी खोली दिसते. म्हणजे मेंदू आधी ठिपक्याला ठिपका जुळवतो, त्यांच्या जागांतल्या फरकातून खोली काढतो, आणि आकार त्यानंतर उमटतो. दोन डोळ्यांनी दिसणारी ही खोली म्हणजे अनुमानाची पुरवणी नाही, हे मला मान्य करावे लागले.

मग पतौडींकडे नव्याने पाहिले. अपघातानंतर जगमधले पाणी ग्लासात ओतताना ते बाहेर टेबलावर पडे, हे त्यांनीच आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. दोन डोळ्यांच्या चित्रांतला फरक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत जातो, म्हणून खोली जाणणारी ही जोडीची दृष्टी सर्वांत तीक्ष्ण असते ती हाताच्या टप्प्यात. दुरून येणाऱ्या चेंडूबाबत त्याचा झपाट्याने मोठा होत जाणारा आकार एका डोळ्यालाही पुष्कळ सांगतो. त्यांच्या जिद्दीबद्दलचा माझा आदर तसूभरही कमी झालेला नाही. पण त्यांनी काय गमावून ते शतक काढले, हे मला आता कळते.

उरलेसुरले मत सुझन बॅरी यांनी बदलले. तान्हेपणापासून त्यांचे डोळे तिरळे होते. लहानपणी शस्त्रक्रिया होऊन ते दिसायला सरळ झाले, तरी एकत्र काम करत नव्हते. बॅरी मज्जाविज्ञानाच्या प्राध्यापक. आपल्याकडे काय नाही याची कल्पना आपल्याला करता येते, असे त्यांना वाटत होते. वयाच्या ४८ व्या वर्षी, दोऱ्यात ओवलेल्या मण्यांवर दोन्ही डोळे एकत्र रोखण्याचा सराव सुरू केल्यावर, एकदा गाडीत बसताना त्यांना स्टिअरिंग चाक पुढे आलेले दिसले. पुढे बर्फ पडताना आपण त्या कणांच्या मधोमध उभ्या आहोत, असे त्यांना प्रथमच जाणवले. कल्पनेत नव्हते असे काही डोळ्यांना मिळाले होते. ही जाणच वेगळी आहे.

प्रौढपणी प्रत्येकाला असे यश येईलच असे नाही. ह्युबेल आणि वीझेल या संशोधकांनी १९६५ मध्ये दाखवले, की तिरळे डोळे घेऊन वाढलेल्या मांजराच्या पिल्लांचे दोन्ही डोळे निरोगी असले, तरी दोघांनाही प्रतिसाद देणाऱ्या मेंदूपेशी फारच थोड्या उरतात. माणसाच्या बाळात दोन्ही डोळ्यांनी खोली जाणणारी दृष्टी साधारण तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात जागी होते. म्हणून ‘मोठं झालं की डोळा सरळ होईल’ हे वाक्य मी आता ऐकून सोडून देत नाही. शाळेत एकेक डोळा झाकून अक्षरे वाचून घेतात. त्यात दोन्ही डोळे पास झाले, तरी ते जोडीने पाहतात की नाही हे कळत नाही. त्यासाठी वेगळी साधी तपासणी असते. खास चष्मा लावून मुलाला चित्रातल्या माशीचे पंख चिमटीत पकडायला सांगतात. खोली दिसणारे मूल कागदाच्या वर, हवेत चिमूट धरते. प्रत्येक मुलाची ही तपासणी शाळेत जाण्याआधी व्हावी, असे माझे आजचे मत आहे आणि पालकांना मी ते आग्रहाने सांगते.