सोडायचाच तर धरायचा कशाला?

मालवणच्या आत्याला माझा हा छंद अजिबात पटत नाही. मासे धरतो याबद्दल तिची काहीच तक्रार नाही, उलट कौतुकच आहे. तक्रार आहे ती धरलेला मासा परत पाण्यात सोडतो याची. फोनवर दर वेळी तिचा एकच प्रश्न असतो, "सोडूचो आसा तर धरतंस कित्याक?" मी हसून विषय बदलतो. पण प्रश्न काही डोक्यातून जात नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहायला बसलोय. आत्या, तूही वाच गं. :)

मी गरवायला जातो त्या नदीचं नाव रॅपिडॅन. व्हर्जिनियातल्या ब्लू रिज डोंगरात, शेनांडोआ नॅशनल पार्कमध्ये दोन ओढे एकमेकांना भेटतात आणि तिथून ही नदी सुरू होते. त्या संगमावरच १९२९ साली अध्यक्ष हर्बर्ट हूवर यांनी आपला तळ बांधला. हूवर पट्टीचे गरवणारे. राजधानीच्या कटकटीतून पळ काढून ते इथे यायचे. तिकडे व्हाइट हाउस, म्हणून इथल्या लाकडी घराचं नाव 'ब्राउन हाउस'. ते घर अजून उभं आहे.

ही एकच नदी, पण तिच्यात दोन वेगळी राज्यं आहेत. वर डोंगरात पाणी थंडगार, तळाचा प्रत्येक दगड दिसेल इतकं नितळ. तिथे ब्रूक ट्राउट राहतो. हा इथला मूळ रहिवासी. आकाराने बहुतेक वेळा वीतभरच, पण रूप म्हणाल तर बघत राहावं. हिरवट पाठीवर फिकट नागमोडी रेघा, अंगावर निळ्या कड्यातले लाल ठिपके आणि पोटाकडच्या परांना पांढरी किनार. शास्त्रज्ञांच्या हिशोबात तो खरा ट्राउटसुद्धा नाही, ट्राउटचा चुलतभाऊ. असो. नदी डोंगर उतरून शेतांमधून वाहायला लागली की रुंद होते, कोमट होते आणि ट्राउट संपतो. तिथून पुढे स्मॉलमाउथ बासचं राज्य. हा तांबूस डोळ्यांचा दांडगा गडी, गळाला लागला की पाण्याबाहेर उड्या मारतो. पण तो मुळात इथला नाही. त्याचं माहेर डोंगरापलीकडे, ओहायो नदीचं खोरं आणि उत्तरेकडची मोठी सरोवरं. १८५४ साली काही बास रेल्वेच्या इंजिनाला जोडलेल्या पाण्याच्या टाकीत घालून डोंगर ओलांडून आणले आणि पोटोमॅक नदीच्या खोऱ्यात सोडले. पूर्वेकडच्या नद्यांमधले बास हे असे माणसानेच आणून सोडलेले. म्हणजे चक्क आगगाडीने आलेला पाहुणा, आणि आता घरचाच होऊन बसलाय!

वरच्या भागात सोडायचं की नाही हा प्रश्नच येत नाही, कारण तो कायदाच आहे. रॅपिडॅनच्या त्या पट्ट्यात धरलेला प्रत्येक ट्राउट परत सोडावा लागतो. गांडूळ वगैरे आमिष जवळ बाळगायलासुद्धा बंदी. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी चालते, तीही एकाच गरीची. कारण उघड आहे. ओढा लहान, मासे लहान, आणि येणारे हौशी गरवणारे भरपूर. प्रत्येकाने चार चार घरी नेले तर ओढा रिकामा व्हायला किती वेळ लागेल?

हे उत्तर मी आत्याला पूर्वीच दिलं होतं. त्यावर तिचं म्हणणं, "मगे थय जाव नुको." तिच्या या बोलण्यात तथ्य आहे, हे मला हळूहळू वाचत गेल्यावर कळलं.

१९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅनडातला एक प्रयोग आहे. रेनबो ट्राउट टाकीत दमेपर्यंत पळवले, म्हणजे गळाला लागल्यावर त्यांची जशी दमछाक होते तशी. त्यातले काही लगेच पाण्यात राहू दिले, काही अर्धा मिनिट हवेत धरले, काही एक मिनिट. पाण्यातच राहिलेल्यांपैकी १२ टक्के पुढच्या काही तासांत मेले. अर्धा मिनिट बाहेर काढलेल्यांपैकी ३८ टक्के आणि एक मिनिटवाल्यांपैकी ७२ टक्के! प्रयोगातली दमछाक नदीतल्यापेक्षा बरीच जास्त असते हे मान्य. तरीपण एक मिनिट म्हणजे काय? फोन काढायचा, मासा नीट धरायचा, एक फोटो हलला म्हणून दुसरा काढायचा. झाला की एक मिनिट. मासा सळसळत गेला, आपण खूश. तो पुढच्या वळणावर काय झाला हे आपल्याला कधीच दिसत नाही.

बासची गोष्ट तर मला आणखी अस्वस्थ करते. वसंतात पाणी १५-१६ अंशांवर आलं की नर वाळूगोट्यात शेपटीने खळगा करतो. मादी अंडी घालून निघून जाते. त्यानंतर अंड्यांची आणि पिल्लांची राखण एकटा बाप करतो. जवळ येईल त्याच्यावर धावून जातो, आणि म्हणूनच गळावरही धावतो. त्या दिवसांत त्याला धरणं अगदी सोपं. आता समजा त्याला धरला आणि अगदी प्रेमाने दोन मिनिटांत सोडला. तेवढ्यात टपून बसलेले इतर मासे अंडी फस्त करून मोकळे. बरेचदा नर परत येऊन बघतो आणि घरटं सोडून देतो. मासा जिवंत सोडला म्हणून आपण हात झटकायचे, आणि तिकडे त्याचं त्या वर्षाचं कुटुंब संपलेलं.

म्हणजे सोडलं की हिशोब मिटला, असं नाही. खाण्यासाठी एक मासा मारला तर निदान तो हिशोब आपल्या डोळ्यांसमोर, ताटात असतो.

आपल्या कोकणात ही समज जुनी आहे. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी समुद्रात घालायची नाही, ही रीत काय उगाच नाही. त्यात खवळलेल्या समुद्राची भीती आहे, पण त्या महिन्यांत माशांना वाढायला उसंत मिळते हेही आहेच. त्याच कोकणात पहिल्या पावसात ओढ्याला चढणीचे मासे लागले की अख्खा गाव टोपल्या घेऊन धावतो, आणि ते मासे अंड्यांनी भरलेले असतात. तेव्हा शहाणपण आणि हाव दोन्ही आपल्याकडे आहेत, इथेही आहेत. अमेरिकेला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

मग मी काय करतो? गरवणं सोडलेलं नाही. पण काही नेम करून घेतलेत. गरीचा उलटा काटा पकडीने दाबून टाकलेला असतो, म्हणजे ती पटकन निघते. मासा कोरड्या हाताने धरायचा नाही, त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि तोच त्याचं रोगांपासून रक्षण करतो. फोटो काढायचाच तर मासा पाण्यात असताना. बास घरट्यावर असतात त्या दिवसांत त्यांच्या वाटेला जायचं नाही. ट्राउट ऑक्टोबर-नोव्हेंबरात अंडी घालतात, तेव्हा गोट्यांमधल्या साफ केलेल्या जागांवर पाय द्यायचा नाही. आणि उन्हाळ्यात कधीतरी खालच्या पाण्यातले एक-दोन बास घरी न्यायचे, कुठल्या नदीतला मासा महिन्यातून किती खावा याची आरोग्य खात्याची सूचना बघून. हळद, तिखट, कोकमाचं आगळ आणि वरून रवा. ते दोन बास मिळाले की त्या दिवशीची काठी गुंडाळायची. आता फक्त मजेसाठी आणखी दहा धरायचे नाहीत. हे आत्याला नक्की आवडेल.

शेवटचा नेम सगळ्यात कठीण जातो. खिशात एक छोटा थर्मामीटर असतो. पाणी २० अंशांच्या वर गेलं की ट्राउटला गळ टाकायचा नाही. कोमट पाण्यात प्राणवायू कमी, त्यात दमलेला मासा सावरतच नाही. १९९५ च्या जूनमध्ये या खोऱ्यात भयंकर पूर आला होता. डोंगरच्या डोंगर घसरले, एका उपनदीचा खालचा भाग माशांविना ओस पडला. पण वरच्या भागातले ट्राउट उतरून आले आणि तीन वर्षांत ओढा परत भरला. पुरातून सावरायला त्यांना वर थंड पाणी शिल्लक होतं. पाणीच तापत गेलं तर मात्र यापेक्षा वर जायला डोंगर उरलेला नाही.

म्हणून जुलै-ऑगस्टच्या दुपारी काठी गाडीतच राहते. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून दगडावर बसतो. प्रवाहाकडे तोंड करून ट्राउट जागच्या जागी हलत असतात, मधूनच एखादा वर येऊन खरी माशी टिपतो. अशा वेळी दोन तास कसे जातात कळत नाही. हेही गरवण्यातच धरावं, असं माझं मत आहे.