निरोपाची वाट

रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक कपाटावर बसलाय, त्यावर घरातले दिवे सांभाळणारं होम असिस्टंट चालू आहे. दिव्यांशी बिनतारी बोलणारा झिगबीचा डोंगल मुद्दाम लांब वायरीवर ठेवला. यूएसबी ३ च्या पोर्टाला खेटून असला की २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींना त्रास होतो. इंटरनेट गेलं तरी घरातले दिवे ऐकतात, याचं मला फार समाधान आहे. घरातल्या उठण्याबसण्याची नोंद घरातच राहावी.

जवळच ऑरिक आहे, शेंद्र्याच्या माळावर आखलेलं स्मार्ट शहर. तिथला पसारा मोठा. माझं मागणं एवढंच, की रात्री आई उठली की पॅसेजमध्ये उजेड व्हावा.

त्यासाठी लावलेला हालचाल टिपणारा सेन्सर बॅटरीवरचा, बहुतेक वेळ निजलेला. त्याचा निरोप एकदम लांब पोचत नाही. मधल्या खोलीतला बल्ब तो पुढे देतो, विहिरीवरून हातोहात घागर जावी तसा. पण अण्णा झोपताना भिंतीवरचं बटण बंद करतात. वीजच नसलेला बल्ब निरोप कसा देणार? जन्मभर त्यांनी दिवा उगाच जळू दिला नाही. आमची शिक्षणं त्या काटकसरीतून झाली. त्यांना ‘बटण राहू द्या’ म्हणायला जीभ रेटत नाही. मध्ये एखादा स्मार्ट प्लग लावून वाट वळवता येईल बहुधा. किंवा उद्या त्यांनाच शेजारी बसवून सगळं दाखवावं.