अर्धा सेकंद

सकाळी चहा उकळेपर्यंत मी टर्मिनल उघडते आणि संगणकाला नवं काय आलंय ते विचारते. इतकी पॅकेजेस बदलणार आहेत, पुढे जाऊ का, असं तो विचारतो. मी 'हो' म्हणते. देवाला फूल वाहावं तसा हा कित्येक वर्षांचा नेम आहे. फरक एवढाच की या देवाचा भरवसा नाही.

माझ्या संगणकावर डेबियनची अस्थिर आवृत्ती असते. डेबियन ही इयन मर्डॉक यांनी १९९३मध्ये सुरू केलेली, जगभरच्या स्वयंसेवकांनी चालवलेली मुक्तस्रोत प्रणाली. तिच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या चित्रपटातल्या पात्रांची नावं देतात. स्थिर आवृत्तीचं नाव दर खेपेला बदलतं, अस्थिर आवृत्तीचं मात्र कायम 'सिड'. सिनेमात सिड हा शेजारचा, खेळणी मोडणारा पोरगा आहे. नवं पॅकेज बहुधा आधी सिडमध्ये येतं. तिथे साधारण दोन ते दहा दिवसांत गंभीर दोष सापडला नाही, तर ते 'टेस्टिंग'मध्ये सरकतं आणि तिथून कधीतरी स्थिर आवृत्तीत. मधल्या दिवसांत कुणीतरी ते वापरावं, अडखळावं आणि तसं कळवावं, या भरवशावर हा गाडा चालतो.

आपण त्या 'कुणीतरीं'पैकी आहोत, याचा मला अभिमान होता. सुरुवातीला एकदा, काय काय काढून टाकलं जाणार आहे ती यादी न वाचताच मी 'हो' म्हटलं आणि अख्खा डेस्कटॉप उडाला. दुसऱ्या दिवशी काम द्यायचं होतं. काळ्या पडद्यावर रात्रभर खटपट करून तो परत आणला. चूक माझीच होती, पण पुढची कित्येक वर्षं ही गोष्ट मी शौर्यकथेसारखी सांगत आले.

मी पोटासाठी मुद्रितशोधन करते. एकदा एका अपडेटनंतर 'दऱ्या'च्या जागी पडद्यावर 'दर्या' दिसू लागलं. डोंगरातल्या दऱ्यांचा एकदम समुद्र झाला! 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' एकाच पंगतीत बसले. फाइलमधली अक्षरं बरोबर होती, दिसत चुकीची होती. मला ते पहिल्याच दिवशी दिसलं, आणि तरी चार दिवस मी काही केलं नाही. कुणीतरी कळवेलच, असं वाटलं. पाचव्या दिवशी लक्षात आलं, की रोज मराठी मजकूर वाचणारी आणि सिड वापरणारी माणसं असतील तरी किती? हिंदीवाल्याला हा र लागत नाही, त्याला काहीच बिघडलेलं दिसणार नाही. मग बसून लिहिलं: कोणती आवृत्ती, कोणता शब्द, काय दिसायला हवं, काय दिसतं. पलीकडच्या माणसाला देवनागरी येत नव्हती. त्याला दोन्ही शब्दांची चित्रं काढून पाठवली, अर्थ सांगितले. काही दिवसांनी दऱ्या परत आल्या.

तेव्हापासून मी स्वतःला परीक्षक समजू लागले.

मग २९ मार्च २०२४ उजाडला. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या अभियंत्याने जाहीर केलं, की 'एक्सझेड' या फाइली आवळून लहान करणाऱ्या साध्याशा पॅकेजमध्ये चोरदरवाजा आहे. हे पॅकेज सांभाळणाऱ्यांपैकी 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं निमूट काम करून विश्वास कमावला होता आणि मग ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये तो दडवला होता. दूरच्या संगणकात शिरण्याची जी वाट सगळं जग वापरतं, तीच तो किल्लीवाल्याला उघडून देणार होता. फ्रॉइंड पोस्टग्रेस या डेटाबेसच्या चाचण्या घेत होते. लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि प्रोसेसर उगाच राबतोय, हे त्यांना खटकलं. अर्धा सेकंद! त्यांनी ते सोडून दिलं नाही, खणत गेले. हे त्यांना सापडलं ते सिडवर. स्थिर आवृत्तीपर्यंत ते पोचलंच नाही.

बातमी वाचून मी माझ्या संगणकावरची आवृत्ती पाहिली. ५.६.१. म्हणजे मीही एका सकाळी चहा उकळताना तिला 'हो' म्हटलं होतं. माझं काही गेलं नाही. दूरहून लॉगिन करण्याची सोय माझ्या यंत्रावर चालूच नव्हती. पण मान खाली गेली. तीच आवृत्ती माझ्याही घरात होती आणि मी तिच्यावर चहाचा कप ठेवून बसले होते. एक माणूस तपासत होता, मी नुसती वापरत होते.

डेबियनने घाईघाईने जुनी आवृत्ती परत आणली, पण आकडा मागे नेता येत नाही, म्हणून तिला नाव दिलं '५.६.१+रिअली५.४.५'. वरून ५.६.१, पण खरं तर ५.४.५. हा 'खरं तर' माझ्या यादीत दिसला तेव्हा हसू आलं, आणि थोडं बोचलंही.

नेम अजून चालू आहे. आता यादी वाचते, मग 'हो' म्हणते. संगणकाशेजारी एक वही ठेवली आहे. काही हळू वाटलं, काही हललेलं दिसलं, तर तारीख घालून टिपते. बहुतेक नोंदींतून काही निघत नाही. परवाची नोंद आहे: फाइल उघडायला जरा वेळ लागला. चहा गार झाला, पण कारण अजून सापडलेलं नाही.